‘मोटिव्हेटेड’ विक्रेता म्हणजे कोण? जमीन विकत मागणाऱ्या पत्राचा पाठ



पत्रलेखनाच्या तासाला आपण वर्षानुवर्षं तीच पत्रं लिहून घेतो. पुस्तकांची मागणी, आजारपणाची रजा, मामाला सुट्टीचं पत्र. मुलं मायना पाठ करतात, उजवीकडे दिनांक टाकतात, शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहून मोकळी होतात. पण घरी एखादं खरंखुरं पत्र आलं तर ते वाचायचं कसं, हे मात्र राहून जातं. म्हणून आज एकच पत्र घेऊ आणि ते नीट उलगडू. पत्रात साधारण एवढंच असतं: ‘आपल्या नावावरील गट नंबर अमुक मधील शेतजमीन विकण्याचा विचार असल्यास आम्ही रोखीने घेण्यास तयार आहोत. संपर्क साधावा.’

अशा पत्रांच्या पद्धतीला धंद्याच्या भाषेत ‘डायरेक्ट मेल’ म्हणतात. विकणारा पाटी लावेल, दलालाला सांगेल, पेपरात जाहिरात देईल याची वाट न बघता घेणाऱ्यानेच मालकाच्या घरी थेट पत्र पाठवायचं. अमेरिकेत ही पद्धत फार रुळलेली आहे. तिथे घरांची खरेदी-विक्री करणारे लोक सरकारी नोंदींतून मालकांच्या याद्या काढतात आणि शेकडो पत्रं टाकतात. काही जण तर पिवळ्या रेघी कागदावर, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात पत्र छापतात. म्हणजे उघडणाऱ्याला वाटावं, कुणा ओळखीच्या माणसानेच लिहिलंय. आपल्याकडे छापील पत्रापेक्षा मोबाईलवरचा मेसेज, पेपरात घालून आलेलं पत्रक किंवा गावातल्या मध्यस्थाचा निरोप जास्त असतो. रूप वेगळं, गाभा एकच.

शब्दापासून सुरुवात करू

या पद्धतीत सगळं फिरतं ते ‘मोटिव्हेटेड सेलर’ या शब्दांभोवती. आपण डी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात ‘मोटिव्हेशन’ म्हणजे अभिप्रेरणा असं शिकलो. मुलाला आतून शिकावंसं वाटलं पाहिजे, वगैरे. त्या हिशोबाने ‘मोटिव्हेटेड विक्रेता’ म्हणजे प्रेरणा मिळालेला विक्रेता! पण बाजारात या शब्दाचा अर्थ तो नाही. ज्याला कोणत्याही कारणाने लवकर विकायचंच आहे आणि त्यासाठी जो भाव कमी करायला तयार होईल, तो मोटिव्हेटेड. मराठीत याला सरळ शब्द आहे: अडलेला. किंवा गरजवंत. आणि गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण आपल्या आज्या-पणज्या उगाच म्हणत नव्हत्या.

सगळेच मोटिव्हेटेड विक्रेते संकटात असतात असं मात्र नाही. चाकणला स्थिर झालेला माणूस, ज्याची गावाकडची दीड एकर दहा वर्षं पडीक आहे, तोही मनाने विकायला तयार असतो. त्याला फक्त कुणी विचारलेलं नसतं. अशा माणसाला शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याने पत्र लिहिलं तर दोघांचंही भलं होतं. म्हणून पत्र वाईट की चांगलं हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कुणाला शोधत आलंय, हा खरा प्रश्न.

यादी कशी तयार होते

या धंद्यात पत्रापेक्षा यादी महत्त्वाची. अमेरिकेत घरपट्टीची नोंद बघितली की घराचा पत्ता एक आणि पट्टीचं बिल जातं तो पत्ता दुसरा, असे मालक लगेच वेगळे काढता येतात. म्हणजे मालक दुसरीकडे राहतो. त्यात वारसाने घर मिळालेले, पट्टी थकलेले, बँकेची जप्तीची नोटीस आलेले, घटस्फोट चालू असलेले अशा याद्या वेगळ्या. जितकी अडचण मोठी तितकी यादी मोलाची.

आता हेच आपल्या तालुक्याला लावून बघा. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा कुणालाही दिसतो. त्यात काही गैर नाही. जमिनीची नोंद ही उघडीच असायला हवी, नाहीतर फसवणूक आणखी वाढेल. पण त्या एका कागदावर काय काय वाचता येतं ते पाहा. खातेदार किती आहेत, एक की अकरा. एकेकाच्या वाट्याला किती येतं. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. पिकांच्या नोंदीत सलग काही वर्षं ‘पड’ आहे का. आणि ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावात सध्या कोणते फेरफार चालू आहेत त्याच्या नोटिसा दिसतात. म्हणजे नुकतीच वारस नोंद कुठे लागतेय, हेही बाहेरच्या माणसाला कळू शकतं. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची ही मोहीम अत्यंत गरजेची होती, कारण कितीतरी सातबारे अजून पणजोबांच्याच नावावर होते. पण एक नाव जाऊन सात नावं लागली की त्यातला एखादा विकायला तयार असणारच, हे गणित खरेदीदारालाही कळतं.

एक अडचण मात्र त्याला येते. सातबाऱ्यावर नाव असतं, पत्ता नसतो. जमीन आधी विकत घेतलेली असेल तर नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये दोन्ही पक्षांचे पत्ते मिळतात. वडिलोपार्जित जमिनीचं तसं नाही. मग पत्ता मिळतो भावकीतून, पारावरून, चहाच्या टपरीवरून. ‘त्यांचा थोरला पिंपरीत असतो ना, कंपनीत’ इथून सुरुवात होते. आपण सहज बोललेलं वाक्य कुणाच्या तरी यादीत जाऊन बसतं.

पोस्टाचा भाग

हा भाग मुलांना फार आवडतो म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. पत्र योग्य घरी पोहोचतं ते पिनकोडमुळे. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस. पोस्ट खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या शेवगावचा पिन ४१४५०२. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन अंक ४१४ मिळून आपला टपाल जिल्हा कळतो आणि शेवटचे ५०२ म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस. वर्गात मुलांना नातेवाइकांचे पिन आणायला सांगा आणि फळ्यावर पहिल्या अंकाप्रमाणे गट पाडा. भूगोल आणि गणित दोन्ही होतं.

साधं पत्र आणि नोंदवलेलं पत्र यातला फरकही सांगावा. साध्या पत्राचा पोहोचल्याचा पुरावा राहत नाही. रजिस्टर पोस्टाची पोहोच पावती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. पोस्ट खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ नावाची सेवाही आहे. त्यात पाकिटावर नाव-पत्ता लागत नाही. ठरवलेल्या भागातल्या घरोघर पत्रकं टाकली जातात. म्हणजे पत्र आलं म्हणून ते खास आपल्यालाच शोधत आलंय असंही नाही. नाव आणि गट नंबर लिहिलेलं असेल तर मात्र कुणीतरी कागद चाळलेत हे नक्की.

दोनशे पत्रांचं गणित

सातवीच्या वर्गाला हे उदाहरण घालून पाहा. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. एकाने दोनशे पत्रं पाठवली. एका पत्राला तिकीट ५ रुपये, छपाई-पाकीट ३ रुपये. एकूण खर्च १,६०० रुपये. समजा दहा जणांचे फोन आले. त्यातल्या नऊ जणांशी जमलं नाही. एकाची २ एकर जमीन ठरली आणि त्याने घाईपोटी एकरी ५०,००० रुपये कमी घेतले. खरेदीदाराला किती फायदा झाला? १ लाख रुपये. खर्च वजा केला तरी ९८,४०० उरले.

इथे मुलांना थांबवून विचारा: दोनशे पत्रांचे पैसे शेवटी कुणी भरले? बहुतेक वर्ग आधी ‘पाठवणाऱ्याने’ म्हणतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, ‘सर, ज्याने विकली त्याने.’ हेच या पद्धतीचं इंजिन आहे. एकशे नव्व्याण्णव लोकांनी पत्र फेकून दिलं तरी चालतं. एक माणूस अडलेला सापडला पाहिजे. म्हणूनच हे लोक एकदा पत्र पाठवून थांबत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा पाठवतात, वर्षाने पुन्हा. जमीन तीच, मालक तोच. फक्त मधल्या काळात घरात लग्न निघालेलं असू शकतं, दवाखाना लागलेला असू शकतो, दुष्काळ पडलेला असू शकतो.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे रोजी दंगा झाला आणि तो नगर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतं हिसकावून जाळली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्या वेळी अडलेला माणूस सावकाराच्या ओट्यावर स्वतः जायचा. आता ओटाच पाकिटात बसून घरी येतो, एवढाच बदल. आजही सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली गेली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

पत्र वाचायचं कसं

आता मुख्य मुद्दा. आपल्या शेवगाव-पाथर्डी भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. आई-वडील कारखान्यावर, घरी आजी-आजोबा आणि शाळेतलं पोरगं. पत्र आलं तर ते कोण वाचणार? चौथीतला नातू. त्याला ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘विहित मुदतीत’ हे शब्द कळले नाहीत तर आजोबा अंगठा कशावर उठवतील ते सांगता येत नाही. आकलनाचा पाठ म्हणतो आपण, तो हाच.

पहिली पायरी म्हणजे पत्र कुणाचं हे ओळखणं. खासगी खरेदीदाराचं पत्र आपल्याला कशालाच बांधत नाही. उत्तर नाही दिलं तरी काही होत नाही. सरकारी नोटीस मात्र कधीच बाजूला ठेवायची नाही. तिच्यावर कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक, कायद्याचं कलम आणि अधिकाऱ्याची सही-शिक्का असतो, आणि बहुतेक वेळा हरकतीची मुदतही. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनात अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ही मुदत ६० दिवसांची आहे. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) येणारी फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत हरकत. हे आकडे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

गोंधळ होतो तो मधल्या प्रकारात. सरकारी प्रकल्पसुद्धा कधी कधी सक्तीच्या संपादनाऐवजी थेट खरेदी करतात. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून गेला. त्याच्या जमिनीसाठी रस्ते विकास महामंडळाने थेट खरेदीचा मार्ग घेतला आणि बाजारमूल्य तक्त्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला. ‘पाचपट’ हा शब्द तेव्हापासून लोकांच्या कानात बसलाय. त्यामुळे कुणी खासगी माणूस ‘प्रकल्पासाठी खरेदी चालू आहे’ असं मोघम बोलला तरी ऐकणारा हुरळतो. कोणता प्रकल्प, कोणतं कार्यालय, अधिसूचना कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा. जमीन सरकारला हवी असेल तर आधीच स्वस्तात घेऊन ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, याचाही विचार करा. नाथसागराच्या पाण्याखाली आपल्या तालुक्यातल्याही जमिनी गेल्या आहेत. मोबदला या शब्दाचं वजन इथल्या म्हाताऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी पायरी, पत्रातले शब्द. ‘फक्त आठ दिवस’, ‘शेवटची संधी’, ‘नंतर हा भाव मिळणार नाही’ असं लिहिलं असेल तर मुलांना त्याखाली रेघ मारायला लावा. जमीन काही दुधाची पिशवी नाही आठ दिवसांत नासायला. ‘कागदपत्रांची सर्व जबाबदारी आमची’ हे वाक्य ऐकायला गोड, पण कागद त्यांच्या हातात गेले की आपल्याला काय दिसणार? ‘रोख’ या शब्दाचंही तसंच. रोख म्हणजे कर्ज न काढता असा त्यांचा अर्थ असेल तर ठीक. पिशवीतून नोटा असा असेल तर सरळ नाही म्हणा. पैसे बँकेतून, खात्यावर, आणि तेवढीच रक्कम खरेदीखतात.

तिसरी पायरी, पत्रात काय लिहिलेलं नाही ते बघणं. मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का, की नुसता मोबाईल नंबर? तो स्वतः शेतकरी आहे का? आपल्या भागात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा तुम्ही त्याच्याकडे त्याचा सातबारा मागू शकता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भाव लिहिलाय का? सहसा नसतो. कारण आधी तुमच्या तोंडून आकडा यावा अशी इच्छा असते. आणि तो स्वतःसाठी घेतोय की साठेखत करून मधल्या मध्ये दुसऱ्याला देणार आहे? या पद्धतीत बरेच जण स्वतः कधीच जमीन घेत नाहीत. कमी रकमेचा विसार देऊन साठेखत करतात, मुदत लांब ठेवतात आणि त्या मुदतीत जास्त भावाचं गिऱ्हाईक शोधतात. गिऱ्हाईक मिळालं तर फरक त्यांचा, नाही मिळालं तर तुमची जमीन वर्षभर अडकलेली.

कागदांची नावं आणि बहिणींच्या सह्या

विसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत. हे पाच शब्द सातवीच्या मुलाला माहीत असायला हरकत नाही. विसार पावती म्हणजे बयाणा दिल्याची पावती. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी बदलते ती फक्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. तरीही स्टँपपेपरवर नोटरी करून ‘खरेदी झाली’ म्हणणारे लोक भेटतात.

हक्कसोडपत्र हा आपल्या घराघरांतला नाजूक विषय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो जन्मतः असल्याचं सांगितलं. जमीन विकायची ठरली की अचानक बहिणींची आठवण होते, कारण त्यांच्या सह्या लागतात. साडी-चोळी होते, गाडी पाठवली जाते, आणि कागद वाचायला वेळ कमी असतो. बहिणीने भावासाठी हक्क सोडणं हा तिचा निर्णय. ती तो आनंदाने घेतही असेल. पण कागद कोणता आहे आणि जमीन पुढे कुणाला किती रुपयांना जाणार आहे, हे तिला सही करण्याआधी कळलं पाहिजे. आपल्या वर्गात बसलेल्या मुली उद्या त्याच जागी असणार आहेत.

आणखी एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. म्हणजे बाहेरच्याच्या पत्राला उत्तर देण्याआधी भावकीला विचारणं हा नुसता मानपान नाही. जमीन वर्ग २ ची असेल, उदाहरणार्थ पुनर्वसनात मिळालेली किंवा इनामाची, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आणि तुकडा लहान असेल तर ऑगस्ट २०२३ ची अधिसूचना बघा: आपल्या जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र. शहरालगतच्या जागांना नंतर सवलती आल्यात, त्या दुय्यम निबंधक कार्यालयात विचाराव्यात.

क्षेत्र वाचायला मुलांना जरूर शिकवा. सातबाऱ्यावर ०.८१.०० दिसलं की मूल म्हणतं ‘पाऊण एकर’. ते हेक्टर-आर आहे. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि १ आर म्हणजे जवळपास १ गुंठा. ८१ आर म्हणजे ८० गुंठे, म्हणजे पूर्ण २ एकर. एवढ्या एका चुकीत अर्ध्याहून जास्त जमीन हिशोबातून गायब होते!

चांगलं पत्र कसं असतं

आतापर्यंत पत्र वाचण्याचं बोललो. पण तुमच्यापैकी कुणाला खरंच बांधाशेजारची जमीन घ्यायची असेल आणि मालक पुण्या-मुंबईला असेल, तर पत्र लिहिणं ही उत्तम वाट आहे. फोनवर माणूस गडबडतो. पत्राने त्याला विचार करायला, घरात दाखवायला वेळ मिळतो. वर्गासाठी मी असा नमुना करतो:

‘स. न. वि. वि.
मी आपल्या गावचा रहिवासी असून आपल्या गटाला लागून माझी शेती आहे. आपली जमीन विकण्याचा आपला विचार आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर या पत्राकडे दुर्लक्ष करावे. असेल तर मला ती स्वतः कसण्यासाठी घ्यायची आहे. मी कोणाचा मध्यस्थ नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आजचा भाव एकरी अमुक इतका आहे. आपण इतर दोन-तीन ठिकाणी चौकशी करून खात्री करावी. आपल्या सर्व भावा-बहिणींशी बोलूनच कळवावे. मला घाई नाही. सोबत माझा सातबारा आणि पूर्ण पत्ता जोडला आहे.
कळावे, आपला’

यात भाव आधी सांगितलाय, ओळख पूर्ण दिलीय, नाही म्हणायची मोकळीक दिलीय आणि बहिणींचा उल्लेख आहे. कुणी म्हणेल, असं लिहिलं तर स्वस्त जमीन मिळेल का? नाही मिळणार. वाजवी भावात मिळेल. आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, कारण दहा वर्षांनी कुणाची तरी मुलगी ‘माझी सही कुठेय?’ म्हणून उभी राहणार नाही.

वर्गात हा पाठ दोन तासांत होतो. पहिल्या तासाला एक गुळगुळीत, घाई लावणारं पत्र आणि वरचं पत्र शेजारी शेजारी वाचायला द्या. खऱ्या सातबाऱ्याची प्रत घ्यायची असेल तर नावं झाका, गावातल्या कुणाच्या जमिनीची चर्चा वर्गात व्हायला नको. दुसऱ्या तासाला मुलांकडून उत्तर लिहून घ्या. अर्ध्या वर्गाने ‘विकायची नाही’ असं, अर्ध्याने ‘आधी ही माहिती कळवा’ असं. नकाराचं पत्र दोनच ओळींचं असतं, पण मुलांना तेच जास्त जड जातं. ‘नाही’ म्हणताना ती उगाच कारणं देत बसतात, माफी मागतात. कारण द्यायची गरज नाही हे सांगावं लागतं: ‘आपले पत्र मिळाले. सदर जमीन विकावयाची नाही. कृपया यापुढे या संदर्भात पत्रव्यवहार करू नये.’ खाली सही, दिनांक, आणि एक प्रत घरच्या कागदांच्या पिशवीत, आलेल्या पत्राला टाचणी लावून.